पोतंभर क्लिपा

"एक क्लिप द्या," एवढंच म्हणणाऱ्या माणसाला मी क्लिप देत नाही. आधी विचारते, कसली नळी? पाण्याची, पेट्रोलची, की ब्रेकच्या तेलाची? जाडी किती? यावर दहातले आठ जण माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांच्या बायकोचं वय विचारलं. मग दोन बोटं हवेत धरतात आणि म्हणतात, "एवढी." हवेतल्या बोटांना मिलिमीटर नसतात. पण हे कळायला डोकं लागतं, आणि ते बहुतेक जण घरीच ठेवून आलेले असतात, हरवायला नको म्हणून.

गॅरेजमधल्या सुट्या भागांच्या काउंटरमागे मी एकतीस वर्षं बसते आहे. गॅरेज माझ्या नवऱ्याचं. तो गेल्यावर त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा दीर, ते चालवायला लागला. चालवायला म्हणजे काय, तर दारावर नवी पाटी लावली, निळे हातमोजे आणले आणि दोन आठवड्यांच्या कुठल्याशा वर्गाचं प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीवर टांगलं. तेव्हापासून इंजिनिअर म्हटलं की तो लगेच वळून बघतो आणि नुसती हाक मारली की त्याला ऐकू येत नाही. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते. मनात काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

फिटर एकच. पन्नाशीचा, हाताला चांगला, पण कण्याच्या जागी रबर असलेला. त्याचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. सगळे त्याला होयबा म्हणतात. मालक म्हणाला चाक चौकोनी, तर हा कोपरे पुसायला बसेल.

तर ते पोतं. मागच्या वर्षी एका सकाळी दीर ते घेऊन आला. म्हणजे पुढे तो आला आणि मागून होयबाच्या पाठीवर पोतं आलं. आत सगळ्या एकाच जातीच्या आणि एकाच मापाच्या क्लिपा. खाचा पाडलेली पट्टी, वर स्क्रूचं घर, स्क्रू फिरवला की पट्टी आवळत जाते. सोळापासून पंचवीस मिलिमीटरपर्यंतची.

"वहिनी, तुमचे ते चिमुकले ड्रॉवर आता बंद," दीर म्हणाला. "एकच माप. आवळत गेलं की सगळ्यांना बसते."

"पेट्रोलची नळी चौदाची असते, भाऊजी."

"आवळायची."

"पूर्ण आवळली तरी सोळाच्या खाली जात नाही ही."

"मग खाली थोडं रबर गुंडाळायचं," तो म्हणाला. मोठमोठे शोध लावणारी माणसं अशीच बोलत असावीत. होयबा लगेच म्हणाला, "हो की. ट्यूबचे तुकडे पडलेतच."

त्या दिवशी मी गप्प बसले. घर एक, चूल एक, रोज एकमेकांचं तोंड बघायचं. कशाला वाद, असं स्वतःला सांगितलं. लोकांच्या मूर्खपणाला नावं ठेवायला मला फार आवडतं, म्हणून हेही सांगून ठेवते की त्या दिवशीचा गप्पपणा माझा होता. तो कुणी पोत्यातून आणला नव्हता.

माझे ड्रॉवर मात्र मी बंद केले नाहीत. अक्षरं मी पन्नाशी उलटल्यावर शिकले, पण त्या ड्रॉवरांवरचे आकडे त्याआधी कितीतरी वर्षं ओळखत होते. एकात तेरा ते पंधराच्या लहान क्लिपा. यांची पट्टी सपाट, खाचा नाहीत, कडा बाहेर वळवलेल्या, आणि एका बारक्या नट-बोल्टनं आवळायच्या. त्या पेट्रोलच्या नळीला. दुसऱ्यात स्प्रिंगच्या. पक्कडीनं दाबल्या की उघडतात, सोडल्या की धरतात, आणि नळी तापून फुगली, निवून आकसली तरी धरून राहतात. त्या पाण्याच्या बारक्या नळ्यांना. यात काही गुपित नाही. माप घ्यायचं ते नळी धातूच्या तोंडावर चढवल्यानंतर, कारण चढवली की ती फुगते. आणि क्लिप अशी निवडायची की आपलं माप तिच्या दोन आकड्यांच्या मध्ये यावं. एवढं जरी सांगितलं तरी लोक म्हणतात, "आजी, क्लिपच तर आहे." हो बाबा, क्लिपच तर आहे. आणि विमानाचा पंख म्हणजे पत्राच तर आहे.

माझा मुलगा जहाजावर असतो. सून व्हॅन चालवते. ज्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलंय अशा सहा जणांना आठवड्यातून तीनदा इस्पितळात रक्त शुद्ध करायला नेते आणि परत घरी सोडते. दोघी काठीशिवाय उभ्या राहत नाहीत. एक आजोबा चाकाच्या खुर्चीत. इस्पितळ टेकडीवर, वाट चढाची. परतताना ती माणसं इतकी गळून गेलेली असतात की दार उघडायचं बळही हातात नसतं. हे सांगते आहे, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

व्हॅनच्या इंजिनाची जुनी पेट्रोलची नळी चिरली होती. दीरानं स्वतःच्या हातानं नवी घातली. घरची गाडी, म्हणून खास. त्यानंतर चौथ्या दिवशी सून संध्याकाळी आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "आई, गाडीत पेट्रोलचा वास येतोय. चढावर जास्त."

सूनबाईंनी आरशाला एक वासाची बाटली टांगलेली असायची. गाडीत बसलं की फुलांच्या गोदामात कोंडल्यासारखं व्हायचं. मी म्हटलं, "त्या तुझ्या अत्तरातून पेट्रोल कळलं होय तुला? कौतुक आहे नाकाचं."

"बाटली मी सोमवारीच काढली," ती म्हणाली. "काढली म्हणून तर कळलं."

मी कान पकडले. असं फार वेळा होत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीला फेरी नव्हती. आम्ही दोघी ती घेऊन गॅरेजवर गेलो. दीर हातमोजे घालून उभा होता. हातात काही नव्हतं, पण मोजे होते. बाकावर एक शिंपी त्याच्या स्कूटरची वाट बघत बसला होता.

"काका, गाडीत वास येतोय पेट्रोलचा," सून म्हणाली.

"पेट्रोलच्या गाडीत पेट्रोलचा नाही येणार तर काय, केवड्याचा येणार?" दीर म्हणाला आणि होयबाकडे बघितलं. होयबा वेळेवर हसला. "अगं, गाडी चालवायची तर असे वास येणारच. तुम्हा बायकांना स्वयंपाकघरात दूध उतू गेलेलं कळत नाही, आणि पेट्रोल बरं कळतं."

"दूध उतू जातं तेव्हा तुम्ही तिथे पेपर वाचत बसलेले असता, भाऊजी," मी म्हटलं. "तुम्हाला तरी कुठे कळतं? सीट उचला."

त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. होयबानं सीट उचलली. मी चष्मा लावला आणि बघितलं.

तशी गलिच्छ गोष्ट मी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. नव्या कोऱ्या नळीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, पोर पडलं की गुडघ्याला चिंधी बांधतात तशी. वर पोत्यातली क्लिप, पार शेवटपर्यंत आवळलेली. पट्टीचं उरलेलं शेपूट बाहेर आलेलं, बोट कापेल असं. आणि सगळ्याचा आकार अंड्यासारखा. स्क्रूच्या घराखाली पट्टी सरळच राहिली होती, वळलीच नव्हती. आणि घराच्या दोन्ही बाजूंना, जिथे ती वळायला हवी, तिथे खाली पोकळी. खाचांतून रबर वर आलेलं. याच्या खाली चार बोटांवर सायलेन्सरचा तापणारा पाइप.

"बघा," दीर म्हणाला, "खाचांतून रबर वर आलंय. म्हणजे कशी घट्ट बसलीय."

"रबर वर आलंय म्हणजे पट्टीनं नळी चावलीय. दोन महिन्यांत तिथे चीर पडेल. आणि या दोन जागी तर आत्ताच धरत नाहीये." मी स्क्रूच्या डावी-उजवीकडे बोट दाखवलं.

"वहिनी, तुम्ही वाचायला शिकलात तेव्हापासून फार त्रास झालाय बघा."

बाकावरचा शिंपी उठून आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "कंबर अठ्ठावीस, पट्टा चाळीसचा. चुण्या पडणारच की हो."

"तुम्ही आपली स्कूटर बघा," दीर म्हणाला.

"ती तुम्ही बघताय म्हणूनच तर मी इथे बसलोय सकाळपासून," शिंपी म्हणाला.

दीरानं नळीला हात लावून बोटं सगळ्यांना दाखवली. कोरडी. होयबानंही लावली. कोरडी. सुनेनंही लावली आणि ती माझ्याकडे बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर शंका होती, आणि ती स्वतःच्याच नाकाबद्दल होती. माझ्या दीरासारखी माणसं दुसऱ्याचं आणखी काही बिघडवोत न बिघडवोत, एवढं नक्की बिघडवतात.

"पेट्रोल उडून जातं," मी म्हटलं. "थांबलेल्या गाडीत काय दिसणार?"

"गळत नाही!" दीर ओरडला. "पाहिजे तर लिहून देतो!"

आता हे वाक्य त्यानं शंभर वेळा म्हटलेलं मी ऐकलंय. गिऱ्हाईक कुरकुरलं की लिहून देतो. कुणी कधी घेतलं नाही लिहून. मी काउंटरच्या ड्रॉवरमधून बिलाच्या कागदाची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी फाडली आणि डब्यांवर आकडे लिहायचा जांभळा मार्कर पेन त्याच्यापुढे धरला.

"द्या."

"काय?"

"लिहून. गळत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जितक्या वेळा मावेल तितक्या वेळा. खाली सही."

शिंपी बघत होता, म्हणून त्याला लिहावं लागलं. गळत नाही, गळत नाही, गळत नाही, गळत नाही, आणि शेवटी तिच्या शेपटासकट ती सही, जी तो पावतीवर करतो तेव्हा कागद फाटतो. मी पट्टी घेतली, लिखाण आत ठेवून नळीच्या तोंडाशी धातूवर चार वेढे गुंडाळली आणि दोऱ्यानं बांधली. स्क्रूच्या घराच्या बरोबर समोर कागदावर एक फुली मारली.

"आता टेकडीवर जाऊन येऊ. रिकामी गाडी. तुम्ही पुढे बसा, भाऊजी."

"मी कशाला? कामं पडलीत."

"गळत नाही ना?"

"नाही."

"मग बसा."

होयबा सवयीनं म्हणाला, "हो, बसा की," आणि मग आपण काय बोललो ते कळून त्यानं जीभ चावली.

सून चालवायला, शेजारी दीर, म्हणजे नेमका त्या नळीच्या वर. मागे मी, मांडीवर आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन, त्याची पिन कुठे आहे ते दोनदा बघून. सपाट रस्त्यावर दीर बोलत होता. त्याच्या वर्गात काय काय शिकवलं ते सांगत होता. चढ लागला. सुनेनं दुसरा गिअर टाकला. इंजिन तापलं. दीराचं बोलणं हळूहळू बारीक झालं. टेकडीच्या अर्ध्यावर त्यानं खिडकीची काच खाली केली.

"काच का उघडली, भाऊजी?"

"गरम होतंय."

"हवा तर गार आहे."

"मला गरम होतंय," तो म्हणाला आणि मान खिडकीच्या बाहेर काढून बसला.

सुनेनं आरशातून माझ्याकडे बघितलं.  तिची शंका गेलेली दिसली मला. इस्पितळाच्या फाटकाशी गाडी वळवली आणि आम्ही परत आलो. उतारभर त्याची मान बाहेरच होती, मात्र गॅरेजची पाटी दिसली तसा त्याच्यातला इंजिनिअर परत आला. उतरल्या उतरल्या म्हणाला, "बघा, काही झालं का?"

सीट उचलली. दीरानं आधी कागद चाचपला. "कोरडा! मी काय म्हणालो? कोरडा ठणठणीत!" आणि शिंप्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं. शिंपी माझ्याकडे बघत होता.

मी दोरा सोडला, पट्टी उलगडली आणि काउंटरवर पसरली. पेट्रोल आपली वाट पुसून जातं, पण मार्करच्या शाईला ते सोडत नाही. कागद कोरडा होता, आणि त्यावर जोडीजोडीनं जांभळे डाग फुटले होते. एक डाग फुलीच्या डावीकडे, एक उजवीकडे. पुढच्या वेढ्यावर पुन्हा डावीकडे एक, उजवीकडे एक. जिथे मी बोट दाखवलं होतं नेमक्या त्याच दोन जागा, चार वेळा. डागांच्या मधली अक्षरं शाबूत होती, डागांखालची वितळून गेली होती. सहीचं तर गाठोडं झालं होतं.

होयबा वाकला. त्यानं फुलीवरून बोट डावीकडे नेलं, मग उजवीकडे. मग इंजिनातल्या क्लिपकडे बघितलं, मग खालच्या सायलेन्सरच्या पाइपकडे.  माझ्यासमोर पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून "हो" सोडून दुसरं काही निघालं. तो म्हणाला, "नाही."

"काय नाही?" दीर खेकसला.

"अशी नाही लावायला पाहिजे होती," होयबा म्हणाला आणि घाबरून पाना पुसायला लागला.

"पेनच खराब असेल," दीर म्हणाला. "घाम लागला असेल वहिनींच्या हाताचा."

"घामाला पण माप कळतं वाटतं," शिंपी म्हणाला. "फुलीच्या दोन्हीकडे मोजून एकेक."

यावर दीरानं जे केलं ते बघून मला रागही आला नाही. त्यानं एकेक बोट ओढत हातमोजे काढले, खिशात घातले आणि कुणाला तरी फोन करायचाय म्हणून मागच्या खोलीत गेला. फोन काउंटरवरच राहिला होता.

त्याची वाट कोण बघतो? उद्या सकाळी सात वाजता सहा जणांना घेऊन जायचं होतं. चावलेली नळी मी ठेवू दिली नाही. नवी कापली, कापलेलं टोक सरळ आहे ना ते बघितलं. होयबानं ती धातूच्या तोंडावर चढवली, मग मी माप घ्यायचा व्हर्नियर लावला. चौदा. ड्रॉवरमधून तेरा ते पंधराच्या दोन क्लिपा काढल्या. सून टॉर्च धरून उभी होती.

"आई, बोल्ट कुठल्या बाजूला घेऊ?" होयबानं विचारलं. आजवर मला तो मालकीणबाई म्हणायचा, आणि विचारायचा तर काहीच नाही.

"जिथे पुढच्या वेळेला पाना पोचेल तिथे. आणि रबर फुगायला लागायच्या आधी थांब. मारामारी नाही करायची."

पट्टी सगळीकडून गोल बसली. ना शेपूट, ना पोकळी. मग मी होयबाला गाडीखाली घातलं. टाकीकडच्या टोकाला दीरानं घातलेला नळीचा दुसरा तुकडा होता, त्यावर आणखी दोन पोत्यातल्या निघाल्या, त्यांच्याखालीही चिंध्या. तोही बदलला, त्यावरही तेरा ते पंधराच्या लावल्या. पुन्हा कागद, पुन्हा मार्कर. या वेळी लिहायला कुणी पुढे आलं नाही म्हणून मीच दोन्ही पट्ट्यांवर एकापासून दहापर्यंत आकडे लिहिले आणि एकेका टोकाला गुंडाळल्या. टेकडीवर पुन्हा जाऊन आलो, सून, मी आणि होयबा. तो पुढे बसला, नळीच्या वर, न सांगता. दोन्ही पट्ट्यांवरचे दहाही आकडे जसेच्या तसे होते, माझ्या हाताचे, जरा वाकडे.

सुनेनं इंजिन चालू ठेवलं, सीटजवळ नाक नेलं, डोळे मिटून दोनदा श्वास घेतला. मग म्हणाली, "नाही येत." आणि मग तिनं मला मिठी मारली. माझ्या अंगाला ग्रीस होतं. तिनं मारली तरी.

पोतं अजून आहे. व्यापाऱ्यानं परत घेतलं नाही. त्यालाही दुसरा असा शहाणा सापडला नसणार. दीरानं त्यातल्या काही घरी नेल्या आणि बागेला पाणी घालायच्या नळीला लावल्या. तिचं माप त्यांना अगदी बरोबर बसतं. तरी ती गळते, कारण खाचांतून रबर वर येईपर्यंत तो आवळतो.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. शिंपी अजून बाकावरच होता. दीर मागच्या खोलीतून बाहेर आला, हातमोजे पुन्हा चढवलेले. त्यानं व्हॅनचं दार उघडलं, आत डोकं घातलं, छाती भरून वास घेतला आणि आमच्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"मी सकाळपासून तेच सांगत होतो. कसला वास? काही वास नाही."